आत खर्चलेले मणी

डोंबिवली पूर्व,
१६ नोव्हेंबर २०२५

निशा,

माझ्या फोनवरून तुझा फोन लागत नाही. गेल्या रविवारी शेजारच्या टेलरच्या फोनवरून लावला तर वाजला. तू दोनदा "हॅलो, कोण?" म्हणालीस. तो मीच होतो. फोन ठेवून दिला.

दिवा स्टेशनकडच्या तुझ्या खोलीवरही जाऊन आलो. तिथे दुसरं कुटुंब राहायला आलंय. घरमालक म्हणाला, ती बाई सासूकडे बाळकुमला गेली. म्हणून हे पत्र तुझ्या सासूबाईंच्या, मनुबाईंच्या पत्त्यावर टाकतोय. त्यांना वाचता येत नाही असं तू सांगितलं होतंस, तेव्हा पाकीट तुझ्याच हाती जाईल.

गावच्या शाळेत सातवीत असताना मी अर्ध्या आळीची पत्रं लिहून द्यायचो. दुसऱ्याच्या मनातलं कागदावर आणायला मला कधी अडचण आली नाही. हे पत्र मात्र चार दिवसांपासून लिहितोय.

सगळं पहिल्यापासून लिहितो. तुला माहीत असलेलंच पुन्हा येईल. मला ते एकदा क्रमाने बघायचंय.

सौमित्रने 'सोबत' ॲप काढलं ते चोवीसच्या जानेवारीत. एकमेकांची कामं करायची आणि रुपयाऐवजी मणी घ्यायचे. मणी म्हणजे क्रिप्टो, हे कळायला मला दोन महिने लागले. कुणी पोरांना गणित शिकवायचं, कुणी डबा द्यायचं, मी दिव्यातल्या सोसायट्यांच्या पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचो. मणी जमले की त्यावर दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं. ज्याला हवं त्याला ते ऑनलाइन बाजारात विकून रुपयेही करता यायचे. पण सौमित्र म्हणायचा, बाहेर विकले की भाव पडतो आणि सगळ्यांचंच नुकसान होतं. आतच फिरवा.

मला ते पटलं. वाइंडिंगमधली तार एका जागी जरी उघडी पडली तरी करंट बॉडीला जातो आणि आख्खी मोटार जळते, हे मी तीस वर्षं बघतोय.

दिव्यात पाणी येतं तासभर. सगळे एकदम मोटारी लावतात, पाणी गेलं तरी बंद करत नाहीत, कोरड्या चालून जळतात. मला कामाला तोटा नव्हता. त्यामुळे डिसेंबरात माझ्या बायकोचं, नीलाचं डावं अंग गेलं, तेव्हा 'सोबत'मध्ये सगळ्यात जास्त मणी माझ्या नावावर होते.

तू तेव्हा कळव्याला एका नर्सिंग होममध्ये सकाळपाळीला आया होतीस. ती पाळी सोडून नीलाकडे यायला लागलीस. नऊ ते चार. सात महिने. सुरुवातीला तू विचारलं होतंस, "दादा, मण्यावर घर चालंल का?" त्यावर मी म्हणालो होतो की सोन्यासारखं समज, ठेवलंस तर वाढेल. असंच म्हणालो होतो का, ते आता नक्की आठवत नाही. म्हणालो असेन.

जुलैत नीला गेली. नर्सिंग होमने तुला परत घेतलं नाही. तू थोडे मणी बाहेर विकलेस. मग सप्टेंबरात नियम झाला की तीन वर्षं कुणी मणी बाहेर विकायचे नाहीत, विकले तर त्याचे उरलेले मणी बंद होतील. तू त्यानंतरही विकलेस, आणि ऑक्टोबरात तुझे तीन हजारांवर मणी बंद झाले.

त्या दिवशी सभेनंतर वर्तकनगरच्या बसस्टॉपवर सांगितलं होतं तेच पुन्हा सांगतो. निर्णय झाला, माझं काही चाललं नाही.

ते पुन्हा उघडता येतील का, हे मी बघतोय. मनुबाईंच्या गुडघ्याचं कसं आहे?

मधु


डोंबिवली पूर्व,
३० नोव्हेंबर २०२५

निशा,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

त्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. पाकीट पेटीत टाकलं आणि घरी येऊन देवासमोर बसलो, पण वातीला हातच लावता येईना. पंधरा दिवस तसेच गेले. आज लिहून टाकतो.

कुणाचे मणी बंद करायचे किंवा उघडायचे तर फोनमधल्या तीन किल्ल्यांपैकी दोन लागतात. एक किल्ली सौमित्रकडे, एक चित्राताईंकडे आणि तिसरी माझ्याकडे. माझ्याकडे ती का, तर "मधुदादा खोटं बोलणार नाहीत" असं सगळ्यांचं मत पडलं होतं. त्या दिवशी सभा संपल्यावर तुला बाहेर बसवलं आणि आम्ही तिघं आत राहिलो. सौमित्रने लगेच फोनवर मान्य केलं. चित्राताईंनी फोन पर्समधून काढलाच नाही. म्हणाल्या, "मी हे करणार नाही. तुम्हाला करायचं तर करा."

दुसरी किल्ली माझी होती.

ॲपवर फक्त 'दोन किल्ल्या लागल्या' एवढं दिसतं, कुणाच्या ते दिसत नाही. चित्राताईंचा चेहरा नेहमीच कडक असतो, सभेत त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. तुला वाटलं असणार की त्यांनीच केलं. बसस्टॉपवर तू म्हणालीससुद्धा, "मास्तरीण बाईला माझं काय वाकडं होतं?" मी ऐकून घेतलं. तुझा समज तसाच राहू दिला.

आता सभेचं. तू तिथे होतीस, पण तुला दिसलं ते वेगळं आणि माझ्या आत चाललं होतं ते वेगळं.

सौमित्र नम्रपणेच बोलत होता. "निशाताई, पर्सनल काही नाही. पण रूल आल्यावरही तुम्ही सेल केलंत."

तू म्हणालीस, "केलं. खोलीवाला भाडं मण्यात घेत नाय. विचारलं मी त्याला. हसला."

"मग आत खर्च करायचे ना. आपल्याकडे ट्यूशन आहे, ग्रोसरी आहे..."

"ग्रोसरी म्हणजे साकेतभाऊंच्या मिसेसची लोणची. लोणच्यावर किती दिस काढू?"

सगळे हसले. साकेतला ते लागलं असावं. तो उठला आणि म्हणाला, "बरं, मग मधुदादांचं काय? त्यांनी सात महिन्यांत हजारो मणी संपवले. तेही व्हॅल्यू काढणंच झालं की."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे कान तापले. नीलाला जाऊन अजून तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. तिच्या आजारपणावर कुणी बोट ठेवतंय असं वाटलं, आणि मी उठून आमच्या गावची चाल सांगितली.

मुरबाडकडे आमचं गाव. चैत्रात गावदेवीच्या माळावर बोकडाचं जेवण असतं, फक्त पुरुषांचं. हवं तेवढं खायचं, पण शिवेबाहेर तुकडासुद्धा न्यायचा नाही. उरलं तर तिथेच मातीत पुरायचं. मी नऊ वर्षांचा होतो. आई तापाने घरी पडली होती, म्हणून एक तुकडा पळसाच्या पानात बांधून चड्डीच्या खिशात घातला. शिवेवर बापाने पकडलं. कानशिलात मारली आणि माझ्याच हातांनी खड्डा खणून तो तुकडा पुरायला लावला. त्यातलं कानशिलात मारल्याचं मी सभेत सांगितलं. आईचं सांगितलं नाही.

मी म्हणालो, "माळावर बसून पोटभर खाल्लं, त्याला देवीचं नेलं असं कुणी म्हणत नाही. शिवेबाहेर गेलं ते नेलं. मी मणी आत खर्च केले. ते निशाकडे गेले, म्हणजे आतच राहिले. निशाने शीव ओलांडली."

लोकांना ते फार आवडलं. सौमित्रने तर फळ्यावर लिहून घेतलं: आत खर्चणं म्हणजे काढणं नव्हे.

तू बसल्या जागेवरून विचारलंस, "दादा, तो बोकड कुठनं येतो? तांदूळ कुठनं येतो? शिवेच्या आतच उगवतो का?"

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो. पाच मिनिटांनी तुला बाहेर बसवलं आणि मी किल्ली लावली.

आता तू म्हणशील, मग उघडा. चित्राताई तयार आहेत, माझं एक बोट लागेल. लावीन. मला थोडे दिवस दे.

मधु


डोंबिवली पूर्व,
१४ डिसेंबर २०२५

निशा,

काल चित्राताईंकडे गेलो होतो. त्यांच्या घरातले दोन पंखे आवाज करत होते. खरं तर पंखे नसते तरी गेलो असतो. स्टुलावर उभा राहून बेअरिंग काढत असताना विचारलं, "ताई, तुम्ही तेव्हा किल्ली का लावली नाहीत?"

त्या म्हणाल्या, "आधी खाली उतरा. वर बघून बोलायचं म्हणजे माझी मान दुखते."

खाली उतरलो. त्यांनी चहा दिला आणि शाळेत विचारतात तसं विचारायला लागल्या.

"मधुकर, मोटार बांधायला तांब्याची तार लागते. ती कुठून आणता?"

"बाजारातून."

"मण्यांवर?"

"नाही. रुपयाने."

"म्हणजे तुम्ही बाहेरून आणून आत टाकत होतात. छान. आता निशा. ती सात महिने तुमच्याकडे येत होती. त्या सात महिन्यांत तिच्या घरचा तांदूळ कुठून आला?"

मी म्हणालो, "तिचा नवरा, जयेश, टेम्पो चालवतो."

"मग नीलाताईंना कुणी सांभाळलं?"

"निशाने."

"आणि निशाला?"

चहावर साय धरली होती, ती बोटाने बाजूला करत बसलो.

त्या म्हणाल्या, "तुम्ही आत खर्च केलात, मण्यांच्या भावाला धक्का लागला नाही, सगळं खरं. पण एका बाईचे रोजचे सात तास तुमच्या घरात आले. त्या घराचं भाडं, गॅस, पोरीची शाळा जयेशच्या टेम्पोने ओढली. ते तुम्ही कुठून काढलंत? सभेत सगळे 'सोबत'मधून काय गेलं ते मोजत होते. निशाच्या घरातून काय गेलं ते कुणी विचारलं नाही."

"पण मी मणी दिले ना, ताई. फुकट नाही घेतलं काही."

"दिलेत. आणि तिने त्या मण्यांचे तांदूळ करायला घेतले तेव्हा दार लावलंत."

एवढं बोलून त्या दुसऱ्या पंख्याचं विचारायला लागल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

घरी आल्यावर नीलाच्या कॉटवर बसलो. कॉट अजून काढलेली नाही. वाटलं, आत्ताच किल्ली फिरवावी. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. का ठेवला ते लिहितो, तू हस किंवा शिव्या दे.

नीला आजारी पडल्यावर माझ्या मेव्हण्याने पैसे देऊ केले होते. मी घेतले नाहीत. म्हटलं, माझ्या हातच्या कामाचं साठलंय, त्यावर माझ्या बायकोचं होईल. ती गेली तेव्हा रडताना एवढा एकच आधार होता मला. तिच्या शेवटच्या दिवसांत मी कुणाचं काही घेतलं नाही, सगळं माझ्या घामाचं होतं, असं मी तिच्या डोक्यावर हात ठेवून मनात म्हणालो होतो. आता किल्ली फिरवली की मला कबूल करावं लागेल की ते माझं नव्हतं, तुझं आणि जयेशचं होतं. देवासमोर बसूनसुद्धा हे तोंडातून निघेना.

दुसरं कारणही सांगता येईल मला. तू सगळे मणी एकदम विकशील, भाव कोसळेल, दिव्यातल्या गरिबांचं नुकसान होईल. हे मी सौमित्रला सांगतो आणि त्याला पटतं. मला पटत नाही.

जयेश माझ्यावर फार चिडला असेल.

मधु


डोंबिवली पूर्व,
११ जानेवारी २०२६

निशा,

काल किल्ली फिरवली. चित्राताईंनी आधी त्यांची लावली, मग मी. अंगठा ठेवायचा आणि 'मान्य' दाबायचं, चार सेकंदांचं काम होतं. तुझे मणी मोकळे झाले.

आता पुढचं. ज्या ऑनलाइन बाजारात मणी विकले जायचे, त्या बाजाराने ख्रिसमसच्या आठवड्यात ते यादीतून काढून टाकले. गिऱ्हाईकच उरलं नव्हतं म्हणे. मला हे किल्ली फिरवण्याच्या आधीपासून ठाऊक होतं. मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा भाव दोन रुपये होता. चित्राताईंकडून आलो त्या दिवशी सव्वा रुपया होता. मी रोज बघत होतो.

आज शून्य आहे.

मला थोडे दिवस दे असं मी लिहिलं होतं. ते दिवस तू दिले नव्हतेस, मी घेतले.

मधु


डोंबिवली पूर्व,
२५ जानेवारी २०२६

निशा,

'सोबत' या महिनाअखेरीला बंद होतंय. सौमित्रने लांबलचक मेसेज टाकला. शेवटी लिहिलं होतं की ज्यांच्याकडे मणी आहेत त्यांनी एकतीस तारखेपर्यंत ते आत वापरून घ्यावेत. मुलगा वाईट नाही. त्याने स्वतःचा फ्लॅटही यात गहाण टाकला होता असं आता कळतं. पण त्या एका ओळीने काय झालं ते ऐक.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेलो तर शटरसमोर सहा माणसं उभी होती. कुणाकडे पाण्याची मोटार, कुणाकडे मिक्सर, एकाने तर चांगला चाललेला कूलर आणला होता, सर्व्हिसिंग करून द्या म्हणाला. सगळ्यांकडे मणी. ॲप उघडून बघितलं तर पानंच्या पानं भरलेली. शिकवणी पाहिजे, डबा पाहिजे, घर रंगवून पाहिजे, म्हाताऱ्यांना फिरवून आणायला माणूस पाहिजे. देतो म्हणणारा एकही नव्हता. अख्खी पंगत जेवायला बसली होती आणि वाढायला कुणी नव्हतं.

मी ठरवलं होतं की नाही म्हणायचं नाही. मणी घ्यायचे आणि काम करून द्यायचं. सात मोटारी बांधल्या. तांबं संपलं, उधारीवर आणलं, तेही संपलं. आठवी मोटार घेऊन दिव्याचा गोविंदा आला, तो प्लंबर, तू ओळखतेस.

म्हटलं, "गोविंदा, आता नाही जमणार. मण्यावर नाही."

"असं कसं दादा? तुम्हीच तर बोललेलात, आत वापरा म्हणून. मी एक मणी बाहेर नाय विकला."

"अरे, तार रुपयाने आणावी लागते."

"मग हे आम्हाला आधी नाय सांगायचं?"

मोटार खांद्यावर टाकून तो गेला. दुकानाच्या पायरीवर तिचं गंजलेलं पाणी सांडलं होतं, ते पुसून काढलं. मग शटर अर्धं ओढून घेतलं. तुझ्यासारख्या बाईने सात महिने घेतले तेच मणी मी सात मोटारींच्या पुढे घेऊ शकलो नाही.

आता कामाचं. नर्सिंग होम तुला सकाळपाळीचा जो पगार देत होतं, त्या पगाराने सात महिन्यांचे रुपये मी तुला देणार आहे. एकदम जमणार नाही. महिन्याला आठ हजारप्रमाणे देईन. याला मदत म्हणू नकोस. मी सभेत जे बोललो ते चुकीचं होतं, एवढंच याचा अर्थ. आत खर्चलं तरी ते कुणाकडून तरी निघतंच. माझ्या बाबतीत ते तुझ्याकडून निघालं. सौमित्रला आणि बाकी सगळ्यांना मी हे ग्रुपवर लिहून पाठवलंय, किल्लीचंही. साकेतने फक्त अंगठा टाकला.

एक विचारायचं राहिलंय. विचारू की नको असं तीन दिवस चाललंय.

एप्रिलमध्ये एकदा मी दुपारीच घरी आलो होतो. दार उघडंच होतं. तू नीलाचे केस विंचरत होतीस आणि कसलीतरी नक्कल करून दाखवत होतीस. नीला हसत होती, अर्ध्याच तोंडाने, पण हसत होती. आजारी पडल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मी आत न येता जिन्यात थांबलो. मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं की त्या घडीला तुझ्या मनात मणी नव्हते. ते तू तसंच केलं असतंस.

तसं असेल तर एक ओळ लिही. रुपये मी तरीही देणारच आहे.

मधु


बाळकुम,
१ फेब्रुवारी

मधुदादा,

पाची पत्रं मिळाली. आली तशी सासूबाईंनी डब्यांच्या मागे ठेवलेली, बँकेचं काहीतरी असंल म्हणून. काल सगळी एकदम वाचली. जयेशला वाचून दाखवली नाहीत.

किल्ली तुमची होती ते मला त्याच दिवशी कळलेलं. बसस्टॉपवर तुम्ही माझ्याकडे न बघता बसचे नंबर बघत होतात. तुम्हाला तर रिक्षाने स्टेशनला जायचं होतं.

केसांचं विचारलंत. दादा, ते काम होतं. तेरा वर्षं हेच करते. पेशंट हसला की पुढचे दोन तास तो औषधाला तोंड फिरवत नाय, कूस बदलताना अंग ताठ करत नाय. म्हणून हसवायचं. सगळ्यांनाच हसवते. ताईंना मी चांगलं सांभाळलं, पाठीला एक जखम होऊ दिली नाय. ताई चांगल्या होत्या. मला त्यांची आठवण येते. पण मण्यांशिवाय केलं असतं असं माझ्याकडून लिहून मागू नका. नसतं केलं. माझ्या पोरीच्या शाळेची फी होती.

तुम्हाला पाहिजे ती ओळ मी लिहू शकले असते. लिहिली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं, आणि मग चार महिन्यांनी पैसे पाठवायला उशीर झाला असता. तुम्ही देवाधर्माचे म्हणून सांगते, राग नका मानू.

मी जे मणी विकलेले त्याचे चार हजार आठशे आले होते. ते यातून वजा करा. आणि आठ नको, दहा पाठवा, लवकर संपेल. जयेशच्या नंबरवर टाका, नंबर तोच आहे. त्याला मी सांगेन नर्सिंग होमचे राहिलेले आले म्हणून.

चित्राताईंना माझा नमस्कार सांगा. तुमची किल्ली कळेपर्यंत त्यांना मी मनात फार बोलले होते.

पत्रं आता नका पाठवू. उद्यापासून दिव्यात परत खोली घेतली आहे, पत्ता देत नाय. भाडं पाच तारखेला असतं, त्याच्या आत टाका.

निशा